धूर ओढून होईपर्यंत

अल्मेरिया, ४ मार्च २०१८

बाबा,

मित्रू काल गावाकडची माणसं आणि सामान घेऊन गाडीनं आला. शेजारच्या राफिला काकूनं पाठवलेली डुकराची चरबी आणि आलुबुखाऱ्याच्या दारूची, पालिंकाची, बाटली पोचली. मी विचारलं, आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवसाची तयारी कशी चाललीय? तर तो म्हणाला, "बाकी ठीक आहे रे, पण तुमच्या छपरावरची नळी गप्प आहे. राफिला म्हणते, मयत झाल्यापासून तिचा आवाजच नाही."

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून कागदावर ओरडतोय. पंखा का बंद केलात?

पंखा बसवायला आलेल्या विद्यापीठाच्या लोकांनी सांगितलं तेव्हा तुम्ही समोर बसून मान हलवत होतात. मला वाटलं कळलं असेल. आता परत लिहितो. आपल्या घराच्या पायात आणि भिंतीत जो दगड आहे, त्यातून वायू निघतो. रेडॉन. त्याला वास नाही, रंग नाही. तो जमिनीतून खोलीत शिरतो आणि माणूस झोपेत तो ओढत राहतो, वर्षानुवर्षं. जमिनीखालच्या खड्ड्यातून पांढरी नळी वर गेलीय, माळ्यावर पंखा आहे, तो वायू खालच्या खाली ओढून छपरावर सोडून देतो. म्हणून तो रात्रंदिवस चालायला पाहिजे. मागच्या खोलीत नळीवर घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली काचेची नळी आहे, तिच्यात लाल पाणी. पंखा चालू असला की एका बाजूचं पाणी वर चढतं. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या की समजायचं, पंखा मेला. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणूनच ती नळी तुमच्या डोळ्यांसमोर लावून घेतली होती मी.

आईनं जन्मात एक सिगरेट ओढली नाही. तिचं फुप्फुस कशानं गेलं? तो दगड कोणी आणला? युरेनियमच्या खाणीच्या ढिगाऱ्यावरून घोडागाडी भरभरून तुम्हीच आणलात ना? आणि ती जाऊन आठवडा होत नाही तोच तुम्ही पंखा बंद करता.

जोवर ते यंत्र नीट चालत नाही आणि मी ठीक आहे म्हणत नाही, तोवर त्या घरात पाऊल टाकू नका.

फिलू

*

गावाहून, २५ मार्च २०१८

चि. टेओफिल,

तुझं पत्र मिळालं. पंखा नऊ तारखेला चालू केला, आईच्या चाळिसाव्याच्या दुसऱ्या दिवशी. लाल पाणी एका बाजूला चार बोटं वर आहे.

बंद का केला ते सांगतो. तू तिसऱ्या दिवशीच निघून गेलास, तुझ्या पायाला भिंगरी. मयताच्या घरात जे जे चालतं ते थांबवायचं, आरशावर फडकं टाकायचं, घड्याळ बंद करायचं, हे तुला माहीत आहे. घड्याळ थांबवलं. मग हात नळीला लागला तर ती थरथरत होती. मनात आलं, चाळीस दिवस तुझी आई, सावेता, घराभोवती फिरणार, आत येणार, तिच्या खुर्चीवर बसणार, आणि हा पंखा आत आलेलं सगळं छपरावरून बाहेर फेकतोय. वायूत आणि माणसात त्याला काय फरक कळणार? म्हणून बंद केला. म्हाताऱ्याची अक्कल.

दगड मीच आणला. सगळ्या गावानं आणला. ढिगाऱ्यावर सपाट, घट्ट दगड फुकट पडलेला, घणाचा एक घाव घातला की दोन सरळ तुकडे. माझ्याइतकी गुण्यात भिंत कोणी बांधली नाही. खाणीचे इंजिनियर जाता-येता बघायचे, शाबास म्हणायचे, कोणी काही बोललं नाही. पण आणला मीच. ते खरं आहे.

तू म्हणालास आत जाऊ नका. बरोबर आहे. खाणीतही असंच असतं. सुरुंग उडाला की पंखा लावतात आणि धूर ओढून होईपर्यंत कोणी आत जायचं नाही. पंखेवाला आधी जातो, बघतो, तोंडाशी येऊन ओरडतो, "हवा चांगली आहे!" मगच माणसं आत. माझे कान गेल्यावर आमचा पंखेवाला ग्रिगोर ओरडायचा नाही, येऊन खांद्यावर दोन थापा द्यायचा. या घराचा पंखेवाला तू.

तर मी खाट अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात हलवली आहे, आलुबुखाऱ्याच्या झाडाखाली. सकाळी एकदा श्वास धरून घरात जातो, लाल पाणी बघतो, नळीला हात लावतो, भिंतीवर खूण करतो, बाहेर येतो. जायला सतरा पावलं, यायला सतरा. छातीत अजून तेवढा दम आहे.

एक विचारायचं राहिलं. त्याचा आवाज कसा येतो? हाताला तो मांजर घुरघुरल्यासारखा लागतो. कानाला कसा लागतो ते लिही.

तुझा बाप
गाव्रिल

*

वालेन्सिया, १७ जून २०१८

बाबा,

पत्ता बदललाय, बघा. अल्मेरियात प्लास्टिकच्या छपराखाली टोमॅटो खुडून मेंदू उकडला. मुकादमाशी वाजलं. आता इथं संत्र्याच्या गोदामात आहे. इथंही किती दिवस राहीन, देव जाणे.

श्वास धरून घरात जाता हे वाचून मी गोदामातल्या पोरांना सांगितलं, सगळे खूप हसले. तुमची थट्टा करायची सवय जायची नाही. उन्हाळी स्वयंपाकघरात झोपताय ते बरं केलंत, उकाड्यात तिथंच गार. आईही जूनपासून तिथंच चूल मांडायची.

यंत्राचं लिहून ठेवतो. एक, छपरावरच्या नळीच्या तोंडाशी गांधिलमाश्या घर करतात, तेवढं बघा. दोन, फरशीला नवीन भेग दिसली तर विद्यापीठवाल्यांनी दिलेली चिकट लांबी भरा, सिमेंट नको. तीन, माळ्यावर उंदीर वायर खातात. चार, काळी डबी. मी निघताना दिली होती, बिस्किटाएवढी. ती खोलीत तीन महिने ठेवायची आणि सोबतच्या पाकिटातून प्रयोगशाळेत पाठवायची. हवेत किती वायू आहे ते तीच सांगते. ठेवलीत ना?

आवाज कसा येतो विचारलंत. आता पंख्याचा आवाज कसा असतो, पंख्यासारखाच. आलो की सांगतो.

फिलू

*

गावाहून, २२ जुलै २०१८

चि. टेओफिल,

काळी डबी एक एप्रिलला ठेवली, एक जुलैला काढून पाठवली. माश्यांचं घर एक होतं, धुरानं काढलं. पश्चिमेच्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती, लांबी भरली. भेग भरायला श्वास पुरेना. तीन फेऱ्या केल्या.

राफिला म्हणते, "गाव्रिल, तुझं डोकं फिरलंय. आपलं घर सोडून कोंबड्यांच्या शेजारी झोपतोस?" मी म्हटलं, कोंबड्या कमी बोलतात. तिनं फडकं फेकून मारलं.

थट्टा नव्हती रे ती. पण हसलास ते बरं झालं.

पोरांना माझा नमस्कार सांग.

गाव्रिल

*

गावाहून, ३० सप्टेंबर २०१८

चि. टेओफिल,

तुझं पत्र नाही, म्हणजे बरा असशील.

मित्रूबरोबर लखोटा पाठवतो आहे. प्रयोगशाळेचा आहे, उघडलेला नाही. तो तुझ्यासाठी आहे, मला आकडे कळत नाहीत आणि मीच वाचून मीच आत जायचं हे नियमात बसत नाही. तू बघ आणि लिही. ठीक असेल तर ठीक म्हण, नसेल तर नाही म्हण. दोन शब्द पुरे.

दुसरं, राफिला म्हणते पंखा किंचाळतो आहे. कुंपणापलीकडून तिला ऐकू येतं, "डुक्कर कापल्यासारखं" म्हणते. मला हाताला लागतं ते असं की मांजराला खोकला झालाय. लाल पाणी चाराचं अडीच बोटं झालं आहे. ग्रीस लावू का? कुठून लावायचं?

आलुबुखारे खूप आले. यंदाची पालिंका कडक होणार.

गाव्रिल

*

वालेन्सिया, १४ ऑक्टोबर २०१८

बाबा,

ग्रीस लावू नका! तो पंखा बंद डब्यातला असतो, उघडला तर गेलाच. त्याचे छर्रे झिजलेत. नवीनच बसवायचा. मी तसलाच बघून घेतलाय आणि मित्रूच्या गाडीत टाकतोय. खोकं उलटं करू नका. बाणाची खूण छपराकडे. दोन्ही बाजूंचे रबरी पट्टे सैल करा, जुना काढा, नवा बसवा, पट्टे आवळा. वायरचे रंग बघून जोडा, आणि आधी खालून वीज बंद करा. कोणा तरुण माणसाला माळ्यावर चढवा, तुम्ही चढू नका. खरं तर थांबाच. मी नाताळला येतो, मी बसवतो.

लखोटा मिळाला. गाडीच्या मागेच उभा होतो, गोदामाचा भोंगा झाला, पिशवीत टाकला. निवांत बघतो. या आठवड्यात खोली सोडतोय. जर्मनीत ब्रेमेनला एकजण बांधकामावर घेतो म्हणालाय. तिथं गेलो की पत्ता कळवतो.

नाताळला नक्की.

फिलू

*

गावाहून, ११ नोव्हेंबर २०१८

चि. टेओफिल,

पंखा मीच बसवला. तरुण माणसं गावात कुठं आहेत? सगळी तुझ्या मित्रूच्या गाडीत बसून गेली. सर्वांत तरुण म्हणजे पोस्टमन, त्याचा गुडघा दुखतो.

तीन दिवस लागले, कारण माळ्यावरही श्वास धरूनच जात होतो. माळाही घरातच मोजायचा ना? एक पट्टा, खाली. दुसरा पट्टा, खाली. राफिला शिडी धरून उभी आणि तोंडानं सगळ्या संतांची नावं घेत होती. आता लाल पाणी पाच बोटं वर आहे. पूर्वीपेक्षा एक जास्त. तू चांगला पंखा निवडलास. राफिला म्हणते आता आवाज गोड येतो. गोड म्हणजे कसा, ते तिला सांगता येत नाही.

थंडी लवकर आली. उन्हाळी स्वयंपाकघराच्या फळ्यांच्या फटीत मी गोणपाट कोंबलं आहे. चूल धूर कोंडते, पण ऊब आहे.

त्या कागदावर काय आहे? घाई नाही. तुझं बस्तान बसलं की बघ.

नाताळला येशील तेव्हा पुढच्या खोलीत तुझी गादी घातलेली असेल. आईची लाल रजई बाहेर उन्हाला लावून आत नेली आहे. तू स्वतः बघून ठीक म्हणालास तर दोघंही आत झोपू.

गाव्रिल

*

ब्रेमेन, २० डिसेंबर २०१८

बाबा,

मी येत नाही.

आधी लिहायला पाहिजे होतं. रोज ठरवत होतो. इथं मुकादम म्हणाला, सुट्टीत जो थांबेल त्याला वसंतात पक्कं काम. पण हे कारण खरं नाही, तुम्हाला खोटं कशाला लिहू? मी सातवीतून पळालेला माणूस आहे बाबा, पळणं तेवढं येतं. त्या घरात शिरल्यावर चुलीपाशी आई नसणार, हे मला बघवणार नाही. मयताच्या वेळी घरात लोक होते म्हणून तीन दिवस निभावले. आता दार उघडलं की सामसूम. इथं बाराजण एका खोलीत राहतो, घोरतात, भांडतात, पण सामसूम नसते.

मार्चमध्ये मी दगडाबद्दल जे लिहिलं ते. जाऊ दे. समोरासमोर बोलू. ईस्टरला येतो.

फोन हरवला, नवीन नंबर घेतला की कळवीन. थंडी फार आहे म्हणतात तिकडं. घरात मोठी शेगडी पेटवा, लाकडाला कंजुषी करू नका. पंखा गोड वाजतो हे ऐकून बरं वाटलं.

लखोटा सामानात कुठंतरी आहे. बघतो.

फिलू

*

गावाहून, ७ जानेवारी २०१९

चि. टेओफिल,

काल पवित्र पाण्याचा सण झाला. पाद्री घर शिंपडायला आले. मी त्यांना अंगणातच थांबवलं, म्हटलं, घरात अजून धूर आहे. ते म्हणाले, "गाव्रिल, मला तर काही वास येत नाही." मी म्हटलं, फादर, तोच तर घोटाळा आहे, त्याला वास नसतो. मग त्यांनी उंबऱ्यावरून तुळशीची जुडी झटकली, चार थेंब आत, चार थेंब माझ्या खाटेवर. राफिलानं तोंड दाबून हसून घेतलं.

तू आला नाहीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तू म्हणतोस ते मला कळतं. मलाही तिथं बसवत नाही. पण मी रोज जातो, लाल पाण्याची एक खूण, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी, तेवढ्यापुरतं. तिची खुर्ची दिसते. श्वास धरलेला असतो म्हणून रडता येत नाही, ते एक बरं आहे.

दगडाचं बोलायची गरज नाही. तू खरं तेच लिहिलंस.

छपरावर नळीच्या तोंडाशी बर्फ जमतो. आतली ओली हवा वर जाऊन गोठते, मग भोक निमुळतं होत जातं आणि लाल पाणी उतरतं. बांबूला हातोडी बांधून शिडीवरून फोडतो. या आठवड्यात तीन वेळा. ते करावंच लागतं, नाहीतर वर्षभराचं ओढणं फुकट जाईल.

खोकला आहे थोडा. पालिंकात मध घालून घेतो.

कागद सापडला तर दोन शब्द लिही. नाही सापडला तर ईस्टरला तू बघशीलच. मी थांबतो. ग्रिगोर एकदा सुरुंगानंतर जेवायला गेला आणि आम्हाला विसरला, तेव्हा आम्ही सात तास तोंडाशी बसलो होतो. पत्ते खेळलो.

तुझा बाप
गाव्रिल

*

गावाहून, ११ फेब्रुवारी २०१९

फिलू, पोरा,

मी राफिला काकू. तुझा फोन लागत नाही, मित्रूला तुझा पत्ता माहीत नाही, गाव्रिलच्या उशाखाली तुझं शेवटचं पाकीट सापडलं, त्यावरच्या पत्त्यावर लिहिते आहे. बसून वाच.

तुझे बाबा सात तारखेला पहाटे गेले. न्यूमोनिया. खाणीच्या धुळीनं छाती आधीच भरलेली, त्यात थंडी. आम्ही तीन दिवस थांबलो, तुझी काही खबर नाही. मग काल सावेताशेजारी ठेवलं.

आता तुला सांगते ते मी वर्षभर त्याच्या शपथेपायी बोलले नाही. तो मार्चपासून एक रात्र घरात झोपला नाही. उन्हाळ्यात नाही, पावसात नाही, उणे अठरात नाही. फळ्यांच्या खोलीत, कोंबड्यांच्या भिंतीला भिंत. मी भांडले, रडले, एकदा तर खाट ओढत अंगणापर्यंत नेली. म्हणायचा, "फिलूनं अजून ठीक म्हटलं नाही." मी म्हटलं, अरे, तो पोरगा रागानं बोलला असेल! तर म्हणाला, "रागानं बोलला म्हणून नियम खोटा होत नाही, राफिला. घर मी त्या दगडाचं बांधलं. आता ते धुऊन निघेपर्यंत आत जायचा मला हक्क नाही. पोरगा परत येईल, लग्न करील, त्याची पोरं त्या खोलीत झोपतील. तोवर सगळा धूर निघून जायला पाहिजे."

त्याला वाटायचं, एक दिवस तो वायू संपेल. खाणीतल्या धुरासारखा. त्याला कोणी सांगितलंच नाही की दगड कधी दमत नाही, पंखा चालू ठेवून आतच राहायचं असतं. मला तरी कुठं ठाऊक होतं? ते काल मयताला आलेल्या विद्यापीठाच्या बाईनं सांगितलं. ती बिचारी उंबऱ्यावर बसून रडली.

एक तारखेला सकाळी लाल पाणी उतरलं म्हणून शिडीवर चढला. मी खालून ओरडत होते, त्या बहिऱ्याला काय ऐकू जातंय? बर्फ फोडून उतरला तेव्हा ओठ निळे. तरी आधी आत गेला, गाल फुगवून, पाणबुड्यासारखा. बाहेर येऊन पाच बोटं दाखवली मला. आणि हसला.

पंखा चालू आहे. मयताच्या घरात थांबवतात, पण मला धीर झाला नाही. त्यानंच तो इतका जपला. काय करायचं ते तू येऊन ठरव.

चाळिसावा दिवस अठरा मार्चला आहे. त्याचा कोट मी त्या दिवशी दान द्यायला खुंटीवर ठेवला आहे. मेलेल्याच्या नावानं वाटायचे गहू मी शिजवीन. तू नुसता ये.

राफिला

*

गावाहून, १६ मार्च २०१९

बाबा,

हे पत्र घेऊन मित्रू कुठं जाणार नाही. तरी लिहितो. आपली तीच सवय आहे.

काकूचं पत्र ब्रेमेनच्या खोलीवर पोचलं तेव्हा मी ती खोली सोडून हॅम्बर्गला गेलो होतो. एका पोरानं नऊ दिवसांपूर्वी आणून दिलं. आज दुपारी पोचलो.

लखोटा सापडला. कुठं होता सांगू? मी वालेन्सियातला माझा तोच कोट घालून आलो. आतल्या खिशात. पिशवीतून खिशात कधी ठेवला, आठवत नाही. बसमध्ये हाताला लागला. हंगेरी लागली तेव्हा उघडला. एकच कागद आहे बाबा, पाच ओळींचा. पूर्वी घरात आकडा होता दोन हजार शंभर. तीनशेच्या खाली पाहिजे. आता आहे अठ्ठ्याऐंशी. खाली लिहिलंय, घर राहण्यास योग्य. सप्टेंबरपासून योग्य होतं. त्याच्याही आधीपासून. दोन शब्द लिहायचे होते.

आधी उन्हाळी स्वयंपाकघरात गेलो. गोणपाट कोंबलेल्या फटी बघितल्या. मग घरात. सवयीनं की काय, उंबऱ्यावर मीही श्वास धरला. सतरा पावलं. मागच्या खोलीत भिंतीवर तुमच्या पेन्सिलच्या खुणा, चार उभ्या, एक आडवी, खिडकीपासून दारापर्यंत. एकही दिवस सुटलेला नाही. शेवटच्या काही खुणा वाकड्या आहेत. त्यांच्यापुढं निळ्या शाईनं नवीन खुणा आहेत. काकूला विचारलं, तर म्हणाली, "मग? कोणीतरी बघायला नको?" लाल पाणी पाच बोटं वर आहे. आईची खुर्ची जागेवर. पुढच्या खोलीत माझी गादी, लाल रजई, आणि रजईवर एक घडी केलेला टॉवेल, जसा पाहुण्यासाठी ठेवतात.

मला वाटलं होतं, दार उघडलं की सामसूम असेल. नव्हती. तुमचा पंखा वाजत होता.

पंख्याचा आवाज कसा येतो ते तुम्ही विचारलंत, मी नीट उत्तर दिलं नाही. तर ऐका. तो पंख्यासारखा वाजत नाही. दूर कुठंतरी खाली नदी आहे आणि आपण डोंगरावर आहोत, तसा. सारखा, न थांबणारा. थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो, मग आपण इकडचं तिकडं वळलो की परत येतो. आई पीठ मळताना नाकात गुणगुणायची, शब्द नसलेलं, आठवतं? तुमचे कान तेव्हा शाबूत होते. त्याच्या फार जवळचा. राफिला काकू गोड म्हणाली, ते हेच असणार.

परवा तुमचा चाळिसावा. म्हणजे काकूच्या हिशेबानं अजून दोन दिवस तुम्ही इथंच आहात. तिला विचारलं, मेलेल्या माणसाला ऐकू येतं का? म्हणाली, "सगळं येतं, म्हणून तर आता नीट बोल." पण मला वाटतं, सवय लगेच सुटत नसेल. ओरडून तुम्हाला कळायचं नाही.

म्हणून मी एक केलं. बघून हसाल. पंखा बंद केला. हो, मीच. सगळ्या खिडक्या उघडल्या, दारं उघडली, डोंगरावरचा वारा सरळ आरपार जातोय, वायूला थांबायला जागा नाही. लाल पाणी हळूहळू सारखं झालं. घर तुम्हाला जसं ऐकू यायचं तसं झालं. परवा संध्याकाळी, सगळे गहू खाऊन गेले की, परत चालू करीन, आणि मग तो मी बंद होऊ देणार नाही. बर्फ मी फोडीन. खुणा मी करीन. किती दिवस, ते आज लिहीत नाही. माझ्या शब्दाचं काय होतं ते आपण बघितलं.

मग खुंटीवरून तुमचा कोट काढला. त्याला धूर, चूल आणि कोंबड्यांचा वास आहे. तो हातात धरून अंगणात आलो, उंबऱ्यासमोर उभा राहिलो. आणि तुमच्या खांद्यावर, कोटाच्या, दोन थापा दिल्या, ग्रिगोर द्यायचा तशा.

हवा चांगली आहे, बाबा.

कोट आत नेला. आईच्या खुर्चीशेजारी ठेवलाय.

फिलू